पडद्यावरचा मेहुणा

"एलसीडीच घ्या भाऊजी, दुसरा विचारच करू नका," असं प्रफुल नागपूरहून फोनवर म्हणाला आणि त्याच क्षणी रूपराव भोयरांनी प्लाझ्मा घ्यायचं ठरवलं.

प्रफुल हा रूपरावांचा मेहुणा, मोहिनीबाईंचा धाकटा भाऊ. त्याच्याविरुद्ध रूपरावांची एकच तक्रार होती, पण ती अठरा वर्षांपासूनची होती. तो न विचारता सल्ला देई आणि तो सल्ला दर वेळी बरोबर निघे. वर्ध्याच्या घरी बोअर कुठे खणावी, गच्चीला उतार कुठल्या बाजूला द्यावा, पौर्णिमाला कुठल्या शाखेला घालावं, सगळं प्रफुलनं आधी सांगितलेलं असायचं आणि रूपरावांनी आधी नाकारलेलं असायचं. चुकणाऱ्या माणसाला क्षमा करता येते. प्रफुलला क्षमा करायला रूपरावांना कधी संधीच मिळाली नव्हती.

या वेळी प्रश्न होता टीव्हीचा. घरातला जुना डबा टीव्ही हिरवा पडला होता आणि त्याच महिन्यात पौर्णिमाच्या कॉम्प्युटरचा मॉनिटरही गेला. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तेव्हा एकच मोठा सपाट पडदा घ्यावा, त्यावर टीव्ही पाहावा आणि त्यालाच कॉम्प्युटर जोडावा, असं घरात ठरलं. आता त्या पडद्याच्या दोन जाती निघाल्या होत्या, आणि कोणती घ्यावी हे जो तो सांगत होता.

"कॉम्प्युटर लावाचा हाय न? मंग प्लाझ्मा नकोच," प्रफुल फोनवर सांगत होता. "एकच चित्र लय वेळ राह्यलं का पडद्यावर छापल्या जाते."

"छापल्या जायले तो काय प्रेस हाय का?" रूपराव म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकानात मालक माणिकभाऊंनी रूपरावांना आणि पौर्णिमाला दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. एलसीडी लख्ख होता, पण बाजूला सरकून पाहिलं की माणसं फिकी पडत. प्लाझ्मा जड होता, समोरच्या रस्त्यावरचे ऑटो त्याच्या काचेत दिसत होते, पण त्यातला काळा रंग खराच काळा होता आणि क्रिकेटचा चेंडू शेपूट न काढता सीमेपार जात होता.

"सामने पाहाले प्लाझ्मा झकास," माणिकभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "पण कॉम्प्युटर जोडाचा असन तर एलसीडी न्या, रूपरावजी."

रूपरावांच्या कपाळावरची शीर उठली. "तुमाले प्रफुलचा फोन आलता काय?"

"कोन प्रफुल?"

"ते राहू द्या. प्लाझ्मा बांधा."

"बाबा, पण माझं ड्रॉइंगचं काम..." पौर्णिमा म्हणाली.

"तुह्या ड्रॉइंगमधी काळ्या रेघा असते का नाई? मंग त्या काळ्याच दिसाले पाह्यजे!"

प्लाझ्मा घरी आला तेव्हा मे महिना होता आणि वर्ध्यात पारा सेहेचाळीसवर होता. दोन माणसांनी तो भिंतीवर चढवला. तासाभरात मोहिनीबाईंच्या लक्षात आलं, की हा टीव्ही तव्यासारखा तापतो. कूलर लावला तर फ्यूज उडाला. हॉलमधल्या जुन्या वायरिंगला दोघांचा भार एकदम सोसेना. त्यामुळे एक तर गार हवेत काळ्या पडद्यासमोर बसायचं, नाही तर घाम पुसत सामना पाहायचा. रूपराव घाम पुसत सामना पाहत. "काळा कसा काळा दिसून राह्यला पाहा," असं ते अधूनमधून म्हणत.

पुढची कटकट कॉम्प्युटरची झाली. पौर्णिमानं तो जोडून दिला. रूपराव त्यावर वर्तमानपत्र वाचायला बसले. ते अग्रलेखाच्या मध्यावर आले आणि पडदा आपोआप काळा झाला.

"हे काऊन बंद झालं?"

"बंद नाई बाबा. दहा मिनिटं कोणी हात नाई लावला का तो झोपते. पडद्यासाठी चांगलं असते ते."

"म्हंजे माणूस वाचून राह्यला अन् हा आपल्या मनानं डोळे मिटते? कोणाले विचारून?" रूपरावांना तो सरळ सरळ अपमान वाटला. "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ!"

पौर्णिमानं दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा ती सेटिंग काढून टाकली. रिमोट त्या दिवसापासून रूपरावांच्या खिशात राहू लागला.

चतुर्थीला मोहिनीबाईंना केळझरला गणपतीच्या दर्शनाला जायचं होतं. सकाळी निघण्याच्या घाईतच प्रफुलची मेल आली. त्याच्या ऑफिसनं त्याचा सत्कार केला होता आणि त्यानं फोटो पाठवला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, जाड काड्यांचा चष्मा, आणि ओठांवर रुंद, भरघोस, समाधानी मिशी.

"मोठा कर वं, मोठा कर," मोहिनीबाई म्हणाल्या. पौर्णिमानं तो पडदाभर केला. बेचाळीस इंची प्रफुल हॉलमध्ये हसू लागला.

"कशाचा सत्कार म्हणे?" रूपरावांनी विचारलं.

"अचूक कामाचा."

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. बायका जाऊन बसल्या. रूपरावांनी उंबऱ्यावर चपला घातल्या, तो चेहरा पुन्हा पाहायला लागू नये म्हणून मागे न वळताच रिमोट खांद्यावरून हॉलकडे धरला, अंगठ्याला लागलेलं मोठं बटण दाबलं आणि दाराला कुलूप लावलं. ते मोठं बटण आवाज बंद करण्याचं होतं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा प्रफुल हसतच होता. रूपराव धावले, टीव्ही बंद केला, पुन्हा सुरू केला आणि बातम्या लावल्या. निवेदिका पावसाचा अंदाज सांगत होती. तिला मिशी होती.

त्यांनी क्रिकेट लावलं. गोलंदाज धावत आला तो चष्म्याच्या डाव्या काचेतून, आणि चेंडू पडला नारळावर.

"अगंबाई!" मोहिनीबाई म्हणाल्या. "प्रफुल अजून हायच की!"

संताप आधी नेमका कोणावर करावा हेच रूपरावांचं ठरेना. शेवटी त्यांनी वीज मंडळावर केला. "रोज दुपारी चार तास लाईन जाते! चार तास! आजच काऊन नाई गेली?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्यांनी फोन लावला.

"माणिकभाऊ, तुमच्या टीव्हीवर माणूस छापल्या गेला."

"कोणता माणूस?"

"कोणता का असेना! टीव्हीत माणूस येते अन् जाते. हा जाऊन नाई राह्यला!"

दुपारी मेकॅनिक आला. सूरज नावाचा, शांत डोळ्यांचा माणूस होता. त्यानं तीन चॅनल पाहिले, मान डोलावली आणि तक्रारीचा कागद काढला.

"फोटो कोनाचा हाय, साहेब?"

"मेहुण्याचा."

सूरजनं 'बिघाडाचं वर्णन' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पडद्यावर मेहुणा दिसणे.'

"हे काय लिवून राह्यले तुम्ही?"

"जे हाय ते लिवलं. यात मशीनची खराबी नाई साहेब. एकच चित्र दिवसभर ठेवलं का प्लाझ्मावर असं होते. सारा पडदा पांढरा करून चालू ठेवा, दोनतीन दिवस. गेला तर जाईन, नाई तर राहीन."

"राहीन म्हंजे?"

"राहीन म्हंजे राहीन, साहेब."

त्याच दिवशी प्रफुलचा फोन आला. मोहिनीबाईंनी घेतला आणि आनंदानं घरभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "अहो, रविवारी प्रफुल येऊन राह्यला! सामना म्हणे भाऊजीच्या प्लाझ्मावरच पाहीन!"

रूपरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आज बुधवार होता. प्लाझ्मावर चित्र छापल्या जाते, असं सांगणारा प्रफुल स्वतःच तिथे छापला गेलेला पाहणार होता. मग तो काही बोलणार नव्हता. तो कधीच काही बोलत नसे, फक्त चष्मा वर सरकवत असे. अठरा वर्षांत रूपरावांनी ते चष्मा सरकवणं सात वेळा पाहिलं होतं. आठवी वेळ बघण्यापेक्षा टीव्ही विहिरीत टाकलेला बरा, असं त्यांना वाटलं.

बुधवारपासून पांढरा पडदा सुरू झाला. पांढऱ्या पडद्यानं प्लाझ्मा आणखी तापू लागला. कूलर लावता येईना. घरातल्या तिघांनी मागच्या पडवीत बिऱ्हाड हलवलं. पौर्णिमाच्या ड्रॉइंगला पडदा नव्हताच. ती मैत्रिणीकडे जाऊन काम करू लागली आणि जाताना दार जरा जोरात लावू लागली.

गुरुवारी शेजारच्या शकुंतलाबाई लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आल्या. त्यांनी खिडकीतून हॉलमध्ये पाहिलं.

"रूपरावजी, टीव्ही चालू हाय अन् घरात कोनीच नाई?"

"हो."

"अन् त्यात चित्रबी काई नाई."

"नाई."

"मंग चालू काऊन हाय?"

"आमच्या घरचा टीव्ही हाय! आमी पांढरा पाहू, नाई तर निळा पाहू!"

शकुंतलाबाई कैऱ्या तशाच घेऊन परत गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत चर्चा झाली, की भोयर उन्हात फिरू नये अशा वयाचे झाले आहेत.

रविवारी सकाळी शाल गेली होती, गाल गेले होते, कान गेले होते. चष्मा, मिशी आणि नारळ मात्र हलायला तयार नव्हते. रूपरावांनी पडद्यावर सोलापुरी चादर टाकली.

प्रफुल अकराच्या गाडीनं आला. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्यानं चादरीकडे पाहिलं. "टीव्ही झाकून काऊन ठेवला, भाऊजी?"

"धूळ बसते."

"मंग सामना?"

"आज पाऊस येईन. रद्द होईन."

"मे महिन्यात?" असं म्हणत प्रफुल उठला आणि त्यानं चादर काढली. रिमोट रूपरावांच्या खिशात होता, पण टीव्हीच्या बाजूलाही एक बटण होतं, आणि ते कुठं असतं हे प्रफुलला अर्थातच ठाऊक होतं.

मैदान दिसू लागलं. हिरव्यागार गवतावर मिशी उमटली. तिच्यावर चष्मा उमटला. प्रफुलनं वाकून पाहिलं, मागे सरकून पाहिलं. मोहिनीबाई पदराशी चाळा करू लागल्या. रूपराव त्या चष्म्याकडे पाहत राहिले, पडद्यावरच्या नव्हे, नाकावरच्या. आता सरकेल, मग सरकेल.

तो सरकला नाही. प्रफुलनं तो काढला आणि रुमालानं डोळे पुसले.

"भाऊजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एवढं पक्कं छापल्या जायले तासभर नाई पुरत. सारा दिवस लागते. तुम्ही माहा फोटो सारा दिवस लावून ठेवला?"

रूपरावांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर केळझर सांगावं लागत होतं, चुकीचं बटण सांगावं लागत होतं, काढून टाकलेली सेटिंग सांगावी लागत होती, आणि त्या सगळ्याच्या शेवटी प्लाझ्मा घेतला हे चुकलं, असं निघत होतं. त्यांनी तोंड मिटलं. मग जगातल्या कुठल्याही गोष्टीवर ते ज्या आवाजात चिडत, त्याच आवाजात ते ओरडले,

"मंग? माणसाले आठवण येत नाई का?"

प्रफुलनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "अठरा वर्षं मले वाटून राह्यलं होतं का भाऊजीले मी आवडत नाई. म्हणूनच मी इतके सल्ले देऊन राह्यलो होतो. म्हटलं, कधी तरी म्हनतीन, प्रफुल, बरं सांगितलं तू."

मोहिनीबाई रडायला लागल्या. रूपरावांना घाम फुटला होता, पण कूलर लावता येत नव्हता.

"अन् आता सांगतो," प्रफुल नाक ओढत म्हणाला, "माह्या घरीबी प्लाझ्माच हाय. त्याच्यावर बातम्याची पट्टी छापल्या गेली. कोनाले सांगाची लाज वाटे. म्हणून तुमाले एलसीडी सांगितला."

"म्हंजे तुह्या घरी प्लाझ्मा, अन् मले एलसीडी?" रूपराव उसळले. पण प्रफुल तेव्हा त्यांना मिठी मारत होता, त्यामुळे ते वाक्य त्याच्या खांद्यातच जिरलं.

सामना संपेपर्यंत प्रफुल बहिणीचा हात धरून बसला होता. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "नागपुरात कोन हाय आमचं? आमचं ऑफिस वर्ध्यातबी हाय. मी बदलीच मागून घेतो."

ती त्याला पंधरा दिवसांत मिळाली. अचूक कामाचा माणूस होता तो. त्यानं मागच्याच गल्लीत घर भाड्यानं घेतलं, पहिल्याच शनिवारी इलेक्ट्रिशियन आणून रूपरावांच्या हॉलची वायरिंग बदलून टाकली, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता तो सामना, नाही तर बातम्या, नाही तर नुसताच कूलरचा वारा घ्यायला येऊन बसू लागला. कूलर दुसऱ्या खिडकीत लावला तर हवा जास्त खेळेल, असं त्यानं सुचवलं. ती खेळलीही.

जुलैत एका संध्याकाळी रूपरावांचा फोन वाजला. पलीकडे सूरज होता.

"साहेब, तुमची तक्रार वहीत अजून उघडीच हाय. गेला काय तो मेहुणा?"

रूपरावांनी मान वर केली. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ होता. समोरच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, प्रफुल चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.

"नाई," रूपराव म्हणाले. "हायेच अजून."

"मंग चालू ठेवू तक्रार?"

"चालू ठेवा."