आहेराची मुंबईस्वारी, अर्थात नवनीतराव व भावेशराव यांची पौषातील फत्ते

कुलस्वामिनीस स्मरून आणि तापीमाईस दुरून हात जोडून, ही हकीकत लिहिणार लेखक इमानाने सांगतो की जे घडले तेच लिहिले, तिखटमीठ लावले नाही. परंतु नंदुरबारच्या मुलखी तिखट हवेतच असते, ते आपोआप लागले असेल तर इलाज नाही. लेखक भीड कोणाची ठेवीत नाही. एका सुंदरबाईसाहेबांची ठेवतो, आणि का ठेवतो ते वाचणारास पुढे कळेल.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मास, वद्य पक्ष. नंदुरबाराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती आणि वाटेचा माणूस शिंकत शिंकत चालला होता. त्या समयी रनाळे गावचे नवनीतराव, उमर एकोणतीस, नंदुरबार शहरी मोबाइल दुरुस्तीच्या गादीचे मालक, आणि शहादे प्रांतीचे भावेशराव, उमर तीस, ठिबकच्या नळ्यांचे वतनदार, या उभयतांचे सख्य चार वर्षांचे पुरे जाहले होते. सख्य म्हणजे कैसे, तर लेखक आडपडदा ठेवीत नाही: एकमेकांवाचून उभयतांस अन्न गोड लागत नसे, आणि उरला जन्म एकमेकांसंगे काढावा ऐसा पक्का मनसुबा होता. परंतु भावेशराव छातीचे आणि नवनीतराव हृदयाचे थोर व काळजाचे भित्रे. लोकांदेखत हात धरण्याचा प्रसंग आला की नवनीतरावांची फौज उधळे. पहिली शिकस्त सुरतेस तापीच्या काठी खाल्ली. दुसरी तोरणमाळास तलावापाशी; तेथे धुके ऐसे की स्वतःचे नाक दिसेना, तरी ओळखीच्या ट्रॅक्टरचा आवाज आला ऐसा भास होऊन त्यांनी हात सोडला आणि खिशात घातला. तिसरी विसरवाडीच्या ढाब्यावर. ती फार लाजिरवाणी, म्हणून गाळली आहे.

मग ऐसे वर्तमान आले की संक्रांत आणि कर उलटताच, शुक्रवारी, भावेशरावांस मुलगी दाखवावयास नेण्याचे त्यांच्या घरी ठरले. तेव्हा भावेशरावांनी व्हॉट्सॲपमार्गे खलिता धाडला, त्याचा मजकूर येणेप्रमाणे: घरी साफ नाही म्हणावयास मी तयार आहे आणि पुढचे सारे वादळ अंगावर घेईन, परंतु त्याआधी एकदा, एकदाच, माणसांदेखत माझा हात धरावा, तेही होणार नसेल तर शुक्रवारी मी मुकाट पोहे खाईन आणि तुमचा आमचा रामराम. हा खलिता वाचून नवनीतरावांच्या हातून गिऱ्हाइकाच्या मोबाइलची काच फुटली, आणि दुसऱ्या दिवशी तीच काच पुन्हा फुटली.

अशा समयी इन्स्टाग्राम नामे जासुदाने खबर आणली की त्या शुक्रवाराआधीच्या शनिवारी मुंबई शहरी एका क्लबात मोठा जलसा आहे, तेथे पुरुषांनी पुरुषांसंगे, बायांनी बायांसंगे, ज्याने त्याने आपल्या मनच्या माणसासंगे नाचावे, कोणी रोखणार नाही. आणि जवळच एक हॉटेल आहे, तेथे दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर कोणी भुवई उडवीत नाही. मग खलबत होऊन ठरले की तेथेच लढावे. परदेशी मुलूख, ओळखीचा ट्रॅक्टर नाही. उभयतांनी चमकीचे सदरे गुप्तपणे खरेदी केले, आणि घरी कारण काय सांगावे या मसलतीत नवनीतरावांनी ती चूक केली, जी खानदेशी माणसावाचून दुसरा करणार नाही. त्यांनी सांगितले की योगेंद्र नामे दोस्ताचे मुंबईस लग्न आहे.

रनाळ्यात लग्न हा शब्द उच्चारला की तो सुंदरबाईसाहेबांच्या कानी जातो. सुंदरबाई म्हणजे नवनीतरावांची आत्या, त्या मुलखी फुई म्हणतात. उमर सदुसष्ट, भाऊबंदकीच्या समस्त आहेरखात्याच्या मुख्तार. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत टॉवेल, टोप्या, लुगडी, खण यांचा दारूगोळा बारमाही भरलेला असे, आणि कोणाच्या मांडवात काय न्यावे याचा हुकूम त्यांच्याच मुखातून सुटे. त्यांनी नवनीतरावांस समोर उभे केले आणि विचारले:

"लगीनले रिकामा हाते जातस का रे? आहेर कोन दी?"

नवनीतराव म्हणाले की फुई, मी देईन. त्यावर फर्मान सुटले की आहेर वडील माणसाच्या हातचा असतो, पोराटोरांच्या हातचा नव्हे. सबब बाईसाहेब खासा स्वारीत सामील होतील. नवनीतरावांनी विनवले की फुई, मुंबई लांब, रात्रीचे लग्न, तुझे गुडघे. बाईसाहेब म्हणाल्या, "मन्हा गुडघा मी लयसू, तू तुन्हा लय." म्हणजे ज्याने त्याने आपापले गुडघे आणावेत. मग त्यांनी पत्रिका मागितली. नवनीतरावांनी घाबऱ्या घाबऱ्या जलशाची रंगीबेरंगी जाहिरात मोबाइलवर दाखवली. बाईसाहेबांनी चष्मा लावून ती फार वेळ न्याहाळली, आणि "मांडव रंगीत शे" इतकेच बोलून मोबाइल परत केला. यावरून नवनीतरावांस हायसे वाटले. लेखकास वाटले नसते.

मग बाईसाहेबांनी आहेराचे बोचके स्वहस्ते बांधले, वर तीन गाठी मारल्या, कोणास आत डोकावू दिले नाही, आणि घराण्याचा जुना कायदा पुनश्च जाहीर केला की घरातून निघालेला आहेर माघारी उंबऱ्यात येत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर चढलाच पाहिजे. आणि मुंबईत तर ना नवरा होता, ना नवरी, ना योगेंद्र.

मुलगी दाखवावयाच्या आठवडाभर आधी, शुक्रवारी रात्री, नंदुरबार स्टेशनावरून कूच जाहले. बाईसाहेब खालच्या बर्थवर, बोचके उशाशी, आणि उभय वीर वरच्या बर्थांवर समोरासमोर, डोळे टक्क उघडे. भावेशरावांनी खुणेने विचारले की आता कैसे. नवनीतरावांनी खुणेनेच सांगितले की मेलो. सुरतेस बाईसाहेबांनी चहा मागवला, दोघांस पाजला, आणि भावेशरावांच्या अंगावर स्वतःची शाल टाकून पुन्हा निजल्या.

मुंबईस हॉटेलाच्या दारी संध्या नामे कारभारीण मोठ्या अदबीने पुढे आली, उभय वीरांस पाहून हसली, उभयतांचे अभिनंदन करणार तोच मागून बोचक्यासह बाईसाहेब प्रकट जाहल्या आणि अभिनंदन तिच्या ओठांतच राहिले. खोलीत एकच पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि टॉवेलांचे मुरडून केलेले दोन राजहंस चोचीस चोच लावून बसवलेले. बाईसाहेबांनी पाकळ्या झटकल्या, हंस उलगडले, टॉवेलाचा पोत बोटांनी चोळून पाहिला, आपल्यापेक्षा हलका आहे ऐसा निवाडा दिला, आणि पलंग सर केला. उभय वीरांचा मुक्काम खाली सतरंजीवर पडला.

सायंकाळी चमकीचे सदरे चढले. नवनीतरावांनी अखेरचा डाव टाकला की फुई, तू दमली असशील, आहेर आम्ही पोचवतो. बाईसाहेब तोवर पायांत चपला घालून दाराबाहेर उभ्या होत्या.

क्लबाच्या दारावर सहा फुटी पहारेकरी. त्याने हुकूम सुनावला की सामान आत नेता येणार नाही, बोचके येथेच ठेवावे. तेव्हा बाईसाहेबांनी पदर खोचला आणि दारावर ती लढाई जाहली, जी आजही तेथील पहारेकरी सांगतात.

"लगीनघरना दारवर आहेर उतारी लेतस का? हाऊ कोठला रिवाज शे रे भाऊ?"

ही वाणी कानी पडताच पहारेकरी थबकला. त्याने टोपी मागे सारून विचारले, "माय, तू कोठली शे?" बाईसाहेब म्हणाल्या की रनाळ्याची. तेव्हा तो जालमसिंग निघाला, धडगावाकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी, सात वर्षे मुंबईच्या दारांवर उभा. घरी पावरी बोलणारा, परंतु नंदुरबारच्या बाजारात अहिराणी शिकलेला. इतक्या दिवसांत त्या दारावर आपल्या मुलखाचे म्हातारे माणूस कोणी आले नव्हते. त्याने बोचके तपासावयाचे म्हणून एक गाठ सोडली, आत डोळा लावून पाहिले, मग बाईसाहेबांकडे पाहिले, मग उभय वीरांकडे पाहिले, गाठ पूर्ववत मारली आणि दार सताड उघडले. त्याने काय पाहिले ते त्याने त्या समयी कोणास सांगितले नाही.

आत निळेजांभळे उजेड, आणि ढोल ऐसे की काळजाचा ठोका कोणता आणि ढोलाचा कोणता ते समजेना. बाईसाहेबांनी पदर कानांवरून घट्ट गुंडाळला. कोणी खुर्ची आणली, कोणी लिंबू सरबत आणले, आणि मग नवल जाहले की एका पोराने वाकून त्यांच्या पायांस हात लावला, त्याचे पाहून दुसऱ्याने, मग एका पोरीने, मग रांगच लागली. त्यांतील कित्येकांस आपल्या घरच्या म्हाताऱ्यांच्या पायांस हात लावून वर्षे लोटली होती, आणि ते तसेच डोळे पुसत नाचावयास परत गेले. बाईसाहेब प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून गाव विचारीत होत्या.

परंतु आहेराचा तगादा टळला नव्हता. नवरी कोठे ऐसे त्यांनी विचारले. नवनीतरावांची अक्कल ठिकाणावर नव्हती. त्यांनी समोर मंचावर गाणाऱ्या रोशनीकडे बोट दाखवले. रोशनी म्हणजे दिवसा बँकेत काम करणारा पुरुष, रात्री शालू, दागिने आणि हातभर वेणी लेवून जलसा गाजवणारा कलावंत. बाईसाहेबांनी तिला नखशिखान्त पाहिले आणि म्हणाल्या, "हाई नवरी नही रे. हाई तिन्हा कामवर शे." मग विचारले, "नवरदेव कोठे शे?"

 इतक्यात जालमसिंगाने आत सांगावा धाडला असावा, कारण ढोल थांबून एकाएकी खानदेशी वरातीचा ठेका सुरू जाहला, आणि सारा जमाव उसळला. भावेशराव मैदानाच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

लेखक येथे क्षणभर कलम थांबवतो, कारण नवनीतरावही थांबले होते. मागे फुई, पुढे तो हात, आणि शुक्रवार सहा दिवसांवर. पळावयास वाट होती. दार उघडे, पहारा ओळखीचा.  मग ते फुईकडे वळून म्हणाले, "फुई, माले माफ कर. लगीनबिगीन काही नही. मी खोटं बोलनू." आणि उत्तराची वाट न पाहता मैदानात गेले, आणि भावेशरावांचा हात धरला. घट्ट धरला. सोडला नाही. भावेशराव हसावयास गेले आणि त्यांस रडू आले. दोघे नाचले, आणि सत्य लिहावयाचे तर अत्यंत वाईट नाचले.

ठेका संपला तो बाईसाहेब बोचके घेऊन समोर उभ्या. नवनीतरावांनी मान खाली घातली, परंतु हात सोडला नाही. बाईसाहेबांनी तिन्ही गाठी सोडल्या. आत दोन टॉवेल, दोन टोप्या, दोन नारळ. बाकी काही नव्हते. रनाळ्याच्या समस्त इतिहासात लग्नाचा आहेर लुगड्यावाचून निघाला नव्हता, म्हणून नवनीतरावांच्या तोंडून निघून गेले की फुई, लुगडं कोठे शे?

बाईसाहेब म्हणाल्या, "नवरीच नही, तं लुगडं कसाले आनू?"

मग त्यांनी एक टोपी नवनीतरावांच्या डोक्यावर घातली, दुसरी भावेशरावांच्या, दोघांच्या खांद्यांवर टॉवेल टाकले, हातांत नारळ दिले, आणि नवनीतरावांस ऐकवले की पौषात कोणी लग्न काढते का, आणि ज्या पत्रिकेत ना गणपती ना मामाचे नाव, ती पत्रिका कोणास दाखवत होतास, मी काय आजची आहे का. नंतर पदराने डोळे पुसले आणि सरबत गोड फार आहे ऐसी तक्रार केली. रोशनीने मंचावरून उतरून कडाकड बोटे मोडून दृष्ट काढली. जालमसिंग दारावर उभा राहून गालांतल्या गालांत हसत होता.

येणेप्रमाणे पौष वद्य पक्षी, शनिवारी रात्री, मुंबई शहरी फत्ते जाहली. भावेशरावांनी तेथूनच घरी कळवले की शुक्रवारी पोह्यांची तसदी घेऊ नये, त्याचे कारण समक्ष येऊन सांगतो. त्याचे वादळ पुढे उठावयाचे ते उठेल. त्या मसलतीस बाईसाहेब जातीने जाणार आहेत, सबब लेखकास चिंता वाटत नाही. आपली माणसे रविवारी परतीस लागली आणि सोमवारी पहाटे नंदुरबार स्टेशनी उतरली. बाईसाहेब पुढे, मागे दोघे, डोक्यांवर टोप्या तशाच, कारण त्या काढावयाचा हुकूम नव्हता. फाटकापाशी सुकलाल रिक्षावाले उभे होते. त्यांनी दोन टोप्या पाहिल्या, मनात महिना मोजला, आणि विचारले की आक्का, पौषमा कोनं लगीन व्हतं?

बाईसाहेबांनी रिकाम्या बोचक्याचे फडके झटकून घडी केली, रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "आपलाच घरनं."