ओंडका-सातच्या तीस पाककृती

एका जंगलात, बाळांनो, औषध होतं, पण ते चालत नव्हतं.

पूर्वी चालायचं. मग सगळेच ते उठसूट घ्यायला लागले. शिंक आली की घ्या, भूक लागली नाही की घ्या. माकडं तर परीक्षेच्या आधीही घ्यायची. शेवटी रोगाचे जंतू त्याला सरावले. खूर सडवणारा एक जंतू तर त्याला मुळीच दाद देईना.

त्या जंगलात सुगंधा नावाची एक भेकरीण राहायची. तिच्या पाडसाचं नाव टिंबू. टिंबूच्या खुरात काटा मोडला. काटा निघाला, पण जखम चिघळली. सुगंधाने त्याला दवाखान्यात नेलं. तिथे त्याला तेच औषध दिलं, मग तेच दुप्पट दिलं, मग घरी न्यायला सांगितलं.

सुगंधा राजाकडे गेली. राजा म्हणजे एक थोराड गवा. त्याने शेंडेबाईंना बोलावलं. शेंडेबाई म्हणजे शेकरू. पण झाडावर कमी आणि मातीत जास्त असायच्या, कारण त्या जंतूंच्या अभ्यासक होत्या.

शेंडेबाईंनी राजाला समजावलं, की मातीतले कित्येक जंतू औषधं बनवतात. आपल्यासाठी नव्हे, शेजाऱ्यांना हुसकावण्यासाठी. आजवर आपण जंतू वाढवायचो आणि तो काय बनवतो ते बघायचो. पण दर वेळी जुनंच औषध नव्याने सापडायचं. आता जंतूचा जीनोम वाचणारं यंत्र आलं आहे. जीनोममध्ये जंतूला काय काय बनवता येईल त्याच्या पाककृती असतात. त्याने त्या आयुष्यात कधी केल्या नसल्या, तरी असतात.

राजाला यातला 'यंत्र' एवढा शब्द कळला. त्याने मंजुरी दिली.

शेंडेबाई कुजके ओंडके उकरत हिंडल्या. सातव्या ओंडक्याखाली एक जंतू मिळाला. त्याला त्यांनी ओंडका-सात असं नाव दिलं आणि त्याचा जीनोम वाचला. तीस पाककृती निघाल्या. त्यातल्या दोनच तो करायचा, आणि त्यातली एक नुसती मातीला वास आणायची होती. न केलेल्यांपैकी एक मात्र खूर सडवणाऱ्या जंतूवरची दिसत होती.

शेंडेबाई स्वतः सुगंधाकडे गेल्या.

"म्हणजे औषध मिळालं?" सुगंधाने विचारलं.

"औषध नाही, सुगंधा. पाककृती मिळाली."

सुगंधाने मान डोलावली. तिला फरक कळला नव्हता, आणि तिच्या मांडीशी पडलेल्या टिंबूकडे बघून शेंडेबाईंना तो सांगवेना.

जंगलालाही फरक कळला नाही. राजाने ओंडका-सातचा जाहीर सत्कार केला. प्रधान तरस भाषणात म्हणाला, की इतका गुणी जंतू कुजक्या लाकडाखाली राहतो ही आपल्याला शरम आणणारी गोष्ट आहे. मग ओंडका-सातसाठी काचमहाल बांधला. आत एक मोठी परात, परातीत कोमट पेज, पेजेत मध. दुसरा कुठलाही जंतू फिरकू नये म्हणून दारात अस्वलाचा पहारा.

ओंडका-सात पेज प्यायला. फुगला, पसरला, त्याला पोरंबाळं झाली. औषध काही त्याने बनवलं नाही. मातीचा वास आणायचंही सोडून दिलं.

त्याच्या पेजेत मध वाढवला. त्याला संगीत ऐकवलं. प्रधानाने परातीवर वाकून एक स्फूर्तिदायक भाषणही दिलं. शेंडेबाई म्हणत होत्या, की त्याला गरजच वाटत नाही, तर तो बनवेल कशाला. राजाने सांगितलं, की त्याला आणखी काय हवं ते विचारून घ्या.

इकडे टिंबू उभा राहीनासा झाला. मग त्याने गवत सोडलं. सुगंधा रोज काचमहालाबाहेर येऊन उभी राहायची. औषध आत आहे, असं तिने ऐकलं होतं.

एका दुपारी काचमहालाबद्दल प्रधानाचाच सत्कार होता. अस्वलही टाळ्या वाजवायला गेलं होतं. सुगंधाने टिंबूला ढकलत, ओढत आत नेलं आणि त्याचा सडका खूर परातीत बुडवला.

"बाबा, तुझ्यात आहे म्हणतात," ती ओंडका-सातला म्हणाली. "दे ना."

काहीच झालं नाही. तेवढ्यात शेंडेबाई आल्या. पेज नासली होती, सगळं काम पाण्यात गेलं होतं. त्या सुगंधाला रागावणार होत्या. पण सुगंधा पेजेतला खूर धरून तशीच उभी होती. शेंडेबाईंच्याने परात फेकून द्यायचंही झालं नाही.

सकाळी त्यांनी पाहिलं, तर खुरातला जंतू परातभर पसरला होता. फक्त ओंडका-सातभोवती एक स्वच्छ कडं होतं. आपल्या पेजेत दुसरं कोणी जेवायला बसलेलं पाहून त्याला ती पाककृती आठवली होती.

शेंडेबाईंनी त्या कड्यातला रस गाळला, पारखला आणि टिंबूच्या खुराला लावला. काही दिवसांनी टिंबूने पाय टेकला. मग उभा राहिला. मग कोणालाही न विचारता पळाला. सुगंधाला आभार मानायचे होते. तिने शेंडेबाईंची शेपटी चाटली.

घाणेरड्या पायांनी आत शिरल्याबद्दल प्रधानाने सुगंधाला काचमहाल बंद केला. शेंडेबाईंनी मात्र राजाला खरं ते सांगितलं: लाडाने काही झालं नाही, शत्रू आल्यावर झालं.

ही गोष्ट राजाला पूर्ण कळली. असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

उरलेल्या पाककृतींसाठी त्याने परातीत रोज एक नवा शत्रू सोडायचा हुकूम दिला. ओंडका-सातची झोप उडाली. आपल्याला आपल्या ओंडक्याखाली परत सोडावं, अशी त्याने विनंती केली. शेंडेबाईंनी शिफारस केली. इतके गुण अंगात असताना घरी जाणं बरं दिसत नाही, असं राजाने कळवलं.

मग यंत्र शाळेत गेलं. टिंबूचा जीनोम वाचला, तेव्हा तो आता पळतो त्याच्या दुप्पट वेगाने पळू शकेल असं निघालं. राजाला अतिशय आनंद झाला. त्याने टिंबूच्या वर्गावर शिक्षक म्हणून बिबट्याची नेमणूक केली.

तात्पर्य: बाळांनो, अंगी गुण जरूर असावेत. फक्त ते दुसऱ्याला वाचता येतील अशा अक्षरात नसावेत.