टेकूचे पाच ठिपके

शेवटच्या धडधाकट दिवशी बाबाजी मास्तरांनी गंगारामच्या घरी भरलेला चहाचा कप उलटा केला. बुडाशी छाप कसला आहे, ते त्यांना बघायचं होतं. चहा गंगारामच्या पांढऱ्या लेंग्यावर गेला.

“मास्तर, भाजलो ना!”

“निप्पॉन लिहिलंय रे! शंभर वर्षांच्या वरचा जपानी कप आहे तुझा!”

“कप जपानी, पण मांडी माझी हाय!”

दाभोळात जुन्या खलाशांनी बोटीवरून आणलेली जपानी भांडी अजून घरोघरी होती, आणि मास्तर निवृत्त झाल्यापासून गावात एकही भांडं सुलटं राहिलं नव्हतं. हातानं काढलेलं फूल कुठलं, छापलेलं कुठलं, हे ते भिंगातून अचूक सांगत. चुकले एकदाच, आणि ते फक्त त्यांच्या मुलीला, स्वप्नाला, ठाऊक होतं.

निळ्या फुलांची बशी तिनं सावर्ड्याच्या बाजारात, बादल्यांच्या दुकानातून घेतली होती. थट्टेनं म्हणाली, “एका खलाशाच्या घरची आहे.” लगेच खरं सांगणारही होती. पण मास्तरांनी बशी उलटी केली आणि ओरडले, “पाच ठिपके! भट्टीत खाली टेकू लावतात, त्याचे! जुनी जपानी!” ठिपके खरवडलेल्या स्टिकरच्या डिंकाचे होते. पण बशी लेकीनं आणलेली म्हटल्यावर भिंगानंही डोळे मिटले. पुढे तीन महिने मास्तर पुस्तकं धुंडाळत होते. बशी गावभर मिरवली. सांगायचं राहून गेलं.

लेंगा भिजला त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला स्वप्नानं खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा आला, होडीच्या टोकावर बसला, पण शिवेना.

“इच्छा अडकलीय,” भटजी म्हणाले. “बोला कुणीतरी. मला पुढे हेदवी गाठायचीय. नाहीतर दर्भाचा कावळा करतो.”

“नकली?” गंगाराम दचकला. “मास्तरांना नाय चालायचा!”

स्वप्नानं मान खाली घातली.

“दादा, तुझी भांडी जपीन हो,” प्रेमलाआत्यानं हात जोडले. कावळ्यानं पाठ फिरवली. “बरं बाबा, सांगते! ती सोनेरी काठाची बशी हरवली नव्हती. मांजरीला दूध घालते मी तीत!”

“आत्या!” जावई संदेश ओरडला.

“तू बोल की रे! तुझ्या पोटात काय आहे?”

संदेशनं घसा खाकरला. “बाबा, तुमच्या जपानी वाडग्यात मी दाढीचा फेस करायचो.”

“मेल्या! त्यातच मी त्यांना खीर दिली होती!”

कावळा ढिम्म. गंगारामनं लेंग्याबद्दल माफ करून टाकलं. तरी ढिम्म. आता सगळे स्वप्नाकडे वळले. तिनं तोंड उघडलं, तोच कावळा झेपावला आणि पिंडावर बसला.

“माझ्या मांजरीमुळे!” आत्या म्हणाली.

“छे, फेसामुळे!”

“लेंगा! लेंगाच लागू पडला!”

भांडत भांडत मंडळी वर निघाली. भटजी स्कूटरवर बसलेही. स्वप्ना सुटली होती. तिला कुणी काही विचारणार नव्हतं.

ती मात्र जागची हलली नाही.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “बशी नकली आहे. बादल्यांच्या दुकानातली. ठिपके डिंकाचे. लगेचच सांगणार होते. पण तुम्ही भिंग घेऊन बसायचात आणि मला शेजारी बोलावायचात. मला ते फार आवडायचं, बाबा. म्हणून नाही सांगितलं.”