गुंडीच्या डोक्याचं माप

बायकोला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नाही, असं शिंप्यानं ठरवलं आणि तिथंच त्याचं वाटोळं झालं. (बायकोपासून काही लपवायचं तर निदान दुकान तरी वेगळं हवं. इथं पुढच्या खोलीत याचं मशीन, मागच्या खोलीत तिची इस्त्री, आणि मध्ये एक पडदा, तोही यानंच आखूड शिवलेला.)

त्याचं असं झालं, शाळेतले मास्तर पँट सैल करून घ्यायला आले होते. पँट सैल होईपर्यंत माणसानं गप्प बसावं की नाही? पण मास्तर ते.

"काय हो, तुमच्या मंडळींना गरोदरपणात शुगर झाली होती ना? परवाच वाचलं. अशा आयांच्या मुलांना म्हणे पुढे त्रास होऊ शकतो. बोलायला उशीर, कशात लक्ष न लागणं, असलं काहीतरी."

"मग? पुढं काय लिहिलंय?"

"पुढचं राहिलं वाचायचं. चष्मा सापडेना."

आणि सैल पँट घालून मास्तर चालते झाले. दुसऱ्याच्या घरात काडी टाकायला यांना चष्मा लागत नाही!

शिंप्याला शिलाई सुचेना. त्याची गुंडी अडीच वर्षांची. (खरं नाव चांगलं घसघशीत ठेवलं होतं, पण शिंप्याच्या पोरीला गुंडी नाही म्हणायचं तर काय.) दिवसभर बापाच्या मशीनखाली बसायची आणि बोलायची काय, तर "म्म." पाणी हवं, "म्म." पाणी नको, तरी "म्म." आजवर त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक "म्म" सुईसारखा आरपार जायला लागला.

बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार? त्या दिवसांत तिनं बोटं टोचून टोचून चाळण करून घेतली होती. गोडाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. एवढं पोट घेऊन रोज चालून यायची. आणि आता तिला म्हणायचं, की बाई, तरीही पोर...? छे. आपणच गुपचूप तपासू.

डॉक्टर लहान मुलांच्या डोक्याला टेप लावतात, हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. टेप तर गळ्यातच होता. त्यानं गुंडीच्या डोक्याचं माप घेतलं. माप आलं. पण ते पुरेसं की कमी, हे कसं कळायचं? जोडीला दुसरं डोकं हवं.

तेवढ्यात समोरून किराणेवालीची मुलगी चालली होती. त्यानं तिला बोलावून डोक्याला टेप गुंडाळला. मागोमाग तिची आई हजर.

"काय शिवताय हो हिला?"

खरं सांगायचं तर, 'तुमच्या मुलीपेक्षा माझी मठ्ठ आहे का, ते बघतोय' असं सांगायला हवं होतं. शिंपी म्हणाला, "फ्रॉक."

"अगंबाई! कुठल्या रंगाचा?"

"गुलाबी."

"आणि असा एकदम?"

"असाच. गुंडीला सोबत म्हणून."

झालं. फुकटाचा वास लोकांना किती लांबून येतो! संध्याकाळच्या आत सगळी गल्ली पोरं घेऊन दारात. बायको तेवढी इस्त्रीचे कपडे पोचवायला गेलेली. शिंप्यालाही चेव चढला. आयांशी कमरेचं, खांद्याचं बोलायचं आणि हळूच डोकं मोजायचं. मग रिळं देऊन म्हणायचं, "मनोरा कर बघू." मग, "एका पायावर उडी मार."

सलूनवाल्याच्या पोरानं मापाचा खडू खाल्ला. (शिंप्याला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.) दूधवाल्याच्या पोरीनं रिळांचा हा एवढा मनोरा रचला. (त्या दिवशी शिंप्याला जेवण गेलं नाही.) शेवटी त्यानं गुंडीला रिळं दिली. गुंडीनं ती रंगाप्रमाणे लावून डब्यात भरली, झाकण घातलं आणि डबा जागेवर नेऊन ठेवला.

"संपलं," शिंपी पुटपुटला, "हिला मनोरासुद्धा येत नाही. गुंडे, तू वेडी तर नाहीस ना गं?"

"म्म," गुंडी म्हणाली.

दोन दिवसांनी बाया फ्रॉक न्यायला आल्या. एकीला झालर हवी, एकीला खिसा. सलूनवाल्याची बायको म्हणे, "माझा मुलगा आहे, त्याला फ्रॉक घालून नाचवू का? पँट द्या." गलका ऐकून पडदा सरकला आणि हातात गरम इस्त्री घेऊन शिंप्याची बायको बाहेर आली.

"ताई, मन मोठं हो तुमच्या यांचं," किराणेवाली म्हणाली.

"यांचं? कधीपासून? अहो, कसले फ्रॉक?"

"म्म," शिंपी म्हणाला. तोंडात टाचण्या होत्या.

"टाचण्या काढा आधी."

शिंपी एकेक टाचणी काढायला लागला, जितकी सावकाश निघेल तितकी. शेवटची टाचणी ओठात असताना मशीनखालून खणखणीत आवाज आला.

"बाबा डोकं मोजतो. गुंडी वेडी का बघतो. दादाने खडू खाल्ला."

सगळ्या बाया मशीनखाली वाकल्या.

"बोलली!" शिंप्यानं उडीच मारली. "अगं, बोलली की ही!"

"बोलली म्हणजे? मागच्या खोलीत आली की माझं डोकं खाते ती, तुमच्या मशीनच्या खडखडाटात ऐकू येतं कुठं! तुमच्याशी काय बोलणार? सकाळपासून तुमच्या तोंडात टाचण्या. तुम्ही म्म म्हणता, तीही म्म म्हणते. तिला वाटलं, बाबाची भाषाच ती."

"माझ्या पोराला खडू चारला?" सलूनवाल्याची बायको.

"ते मरू दे," किराणेवाली पुढे झाली, "डोकं कुणाचं लहान निघालं, ते सांगा!"

यावर ज्या आया आत्तापर्यंत गप्प होत्या त्याही तोंड सोडून बोलायला लागल्या. तेव्हा बायकोनं इस्त्री खाली ठेवली, शिंप्याच्या गळ्यातला टेप ओढला आणि त्याच्याच डोक्याला गुंडाळला.

"माप भरपूर आहे," ती म्हणाली, "आत अस्तर घालायचं राहिलंय."

बाया पोट धरून हसल्या आणि घरी गेल्या. (फ्रॉक मात्र एकीनंही माफ केला नाही.)

मग शिंप्यानं मास्तरांचं सगळं सांगितलं. बायको ऐकत होती, हातातली इस्त्री थांबली नाही.

"डॉक्टरीणबाईंनी हे मला गुंडी पोटात होती तेव्हाच सांगितलंय. काही मुलांना होतं, पुष्कळांना काहीच होत नाही. म्हणून तेव्हा शुगर सांभाळायची आणि नंतर मुलाकडे लक्ष ठेवायचं. बोलणं, चालणं, वजन. मी नेते ना दर वेळी दाखवायला? तुम्ही काय सांगता तेव्हा? येताना दोरे आण."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही हे असं काहीतरी कराल म्हणून."

शिंप्यानं डोक्यावरचा टेप सोडवला. "तुला भीती नाही वाटत?"

झालेल्या शर्टावरूनच तिनं पुन्हा इस्त्री फिरवली. "वाटते. माझ्याकडून काही कमी पडलं का, असं रोज वाटतं. म्हणून काय लोकांच्या पोरांची डोकी मोजत फिरू?"

"या वेळी मीही येतो," शिंपी म्हणाला.

आणि गेला. (गेला नसता तर बरं झालं असतं.) डॉक्टरीणबाईंनी गुंडीला चित्र दाखवलं. "हे काय आहे, सांग?"

"मांजर!" शिंपी ओरडला. "दूध पितंय!"

"तुम्हाला नाही हो विचारलं. गुंडी, यातला लाल ठोकळा दे बरं."

शिंप्यानं लाल ठोकळा गुंडीच्या हातात कोंबला.

"बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

दार बंद झालं. शिंपी बाकावर बसला. आतून काही ऐकू येईना. बायकोचा चेहरा आठवायला लागला, तो झालेल्याच शर्टावर इस्त्री फिरवतानाचा. दार उघडायला इतका वेळ का लागावा, हेही त्याला काही बरं वाटेना.

अखेर नर्सबाई आल्या. "सगळं वयाप्रमाणे आहे. पोरगी चांगली चुणचुणीत आहे. वजनावर लक्ष ठेवा आणि सांगितलंय तेव्हा पुन्हा दाखवा. तिच्या आईलाही शुगर तपासत राहायला सांगितलंय, ते विसरू नका. आणि हे घ्या."

शिंप्याच्या हातात एक बिस्कीट आलं.

"हे कशाला?"

"तुमच्या मुलीला दिलं होतं. ती म्हणाली, बाबाला द्या, तो बाहेर रडत असेल."

"मी नाही रडत," शिंपी बाहीनं डोळे पुसत म्हणाला. "आणि ऐका ना, तिनं लाल ठोकळा ओळखला का? आणि उडी? एका पायावर मारली का? मांजर तर तिला केव्हाचं येतं, घरी तर..."

"खाऊन टाका," नर्सबाई म्हणाल्या. "बिस्कीट खाल्लं की बाबा गप बसतो, हेही तिनंच सांगितलंय."