सिकाझ्वेकाकांच्या दिवाणखान्यातली शाळा

मी आहे तोवर आमची शाळा एक दिवसही बंद राहणार नाही, असं मी सगळ्या वस्तीला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. शाळा म्हणजे काही सरकारी नव्हे. लुसाकाच्या आमच्या वस्तीत ज्या पोरांचं बूट आणि गणवेशापाशीच अडतं, त्यांना मी आणि चोलाची आई, अशा आम्ही दोघी बिनपगारी शिकवतो. दुपारनंतर मी टोमॅटो विकते, ती बायकांच्या वेण्या घालते. सकाळ पोरांची.

तर वादळात आमच्या शेडचे पत्रे उडाले. चोलाची आई म्हणाली, पत्रे मिळेपर्यंत सुट्टी देऊ. मी म्हटलं, नाव नको काढूस. सुट्टी दिलेली पोरं खडी फोडायला जातात आणि तिकडचीच होतात, हे आम्ही दोघींनी पाहिलेलं.

माझ्याकडे सिकाझ्वेकाकांच्या घराची किल्ली होती. काका तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले, एकटे, आणि स्वभावाने असे की त्यांच्या कुंपणात चेंडू गेला तर पोरं तो आणायला न जाता नवा बनवत. कोंबड्या माझ्यावर सोपवून ते कसामाला बहिणीकडे गेले होते. मी फोन लावला. पलीकडे बसचे भोंगे, माणसांचा कल्ला. मी ओरडून विचारलं, "काका, घरात बसवू का?"

"बसव की! खाली गवत घाल तेवढं. आणि एकदा बसवलं की हलवायचं नाही."

मला गहिवरून आलं. पोरांना फरशी गार लागेल याची या माणसाला काळजी!

दुसऱ्या दिवशी आम्ही सोफे, टेबल, कपाट, सगळं अंगणात काढलं. आत गवत पसरून पोरं बसवली. चोलाच्या आईने बाहेर चूल पेटवून मक्याच्या पेजेचं मोठं पातेलं चढवलं. इथे आमची अक्कल चरायला गेली होती. आमच्याकडे सामान अंगणात आलं, बाहेर जाळ दिसला आणि पातेलं चढलं, की अर्थ एकच: या घरातलं कुणीतरी गेलं.

पहिली आली मागच्या गल्लीतली एक म्हातारी, निळ्या चिटेंगेचं छापील कापड कमरेला गुंडाळलेली. फाटकातच तिने असा हंबरडा फोडला की आतलं सगळ्यात लहान पोर दचकून रडायला लागलं. त्याचं पाहून दुसरं, मग अख्खा वर्ग. एवढं रडं ऐकल्यावर गल्ली थांबते होय? कुणी कोबी आणला, कुणी मक्याचं पीठ. पुरुष ओंडके घेऊन आले आणि जाळाभोवती माना खाली घालून बसले. चर्चची गायकमंडळी आली ती गातच.

मी प्रत्येकाला सांगत फिरले की कुणी गेलेलं नाही, काकांनी घर शाळेला दिलंय. बायकांनी मला धरून बसवलं आणि साखरपाणी पाजलं. पोरीला धक्का बसलाय म्हणे. एका गृहस्थाने हळूच विचारलं, "कसे गेले?"

"बसने गेले," मी खरं ते सांगितलं.

झालं. बसला अपघात झाल्याचं दोन गल्ल्यांपलीकडे पोचलं.

आणि दुपारी, खांद्यावर पिशवी घेऊन, काका स्वतः आले. आपल्याच अंगणात गर्दी पाहून चक्रावले, तरी त्यांनी रीतीप्रमाणे टोपी काढली, जाळापाशी टेकले आणि शेजाऱ्याला विचारलं, "कोण गेलं?"

"सिकाझ्वे," तो वर न बघताच म्हणाला. "तापट होता, पण मनाचा मोठा. राहतं घर पोरांच्या शाळेला दिलं हो."

तेवढ्यात गायकांच्या म्होरक्याची नजर काकांवर गेली आणि गाणं मध्येच तुटलं. दोघीजणी किंचाळल्या, एक गृहस्थ मागच्या मागे कोबीच्या ढिगात बसले. काका उठून माझ्यासमोर आले.

"अगं, मी खुडूक कोंबडीचं बोलत होतो."

मला जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. ते दारातून आत बघत राहिले. रडून डोळे सुजलेली पोरं फरशीच्या कडेकडेने खडूने अक्षरं काढत होती. एका चिमुरडीने वर पाहिलं आणि सरकून त्यांना बसायला जागा केली. मागे सगळी वस्ती माना उंचावून उभी. मनाचा मोठा म्हणून चारचौघांत बोलून झालं होतं, ते आता मागे कोण घेणार?

"छप्पर होईपर्यंत," काका घसा खाकरून म्हणाले. "आणि गवत रोज बदलायचं."

आणलेलं पीठ, कोबी कुणीच परत नेलं नाही. पोरं पोटभर जेवली. ओंडके घेऊन आलेल्या पुरुषांनी पुढे पत्रे जमवून शेडवर चढवले. तरी लहानांचा वर्ग अजून काकांकडेच भरतो. शेडमध्ये म्हणे धूळ फार.

काका मागे बसून ऐकतात. वर्ग सुटला की कुणी नाही असं बघून मला विचारतात, "त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण रडलं गं?"

"निळ्या चिटेंगेवाली आजी," मी सांगते. काकांचा चेहरा खुलतो.

त्या आजीने जाताना डोळे पुसत माझ्या कानात विचारलं होतं, "पोरी, हे घर कुणाचं?" तेवढं मात्र मी काकांना सांगितलेलं नाही.