हात वर, गायकवाडजी आले!

“हात वर!”

गायकवाडजी आमच्या सेक्शनमध्ये शिरायचे ते हीच आरोळी ठोकत. आम्ही बिलं, चहा सगळं सोडून मुकाट्यानं हात वर करायचो. नव्या माणसाला वाटायचं, दरोडा पडला! खरं तर त्यांना फक्त आमच्या कॉम्प्युटरांत बिलिंगचं नवं व्हर्जन टाकायचं असे, आणि त्या वेळी कुणी कीबोर्डला बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

त्यांचे वडील महूच्या छावणीत फौजेत होते, त्यामुळे फ्लॉपीसुद्धा ते काडतुसासारखी भरत. इंदूरची एक कापडगिरणी बंद पडल्यावर ते आमच्या सोया तेलाच्या कंपनीत आले. टेबलाटेबलाशी खुर्ची ओढून बसत आणि मशीन घरघरत असेतो गप्पा. “राऊला प्लॉट घेतला का, भिया? हळू बोला, मशीन ऐकतंय. जळतं हे!” एका फेरीत अख्खा दिवस जाई.

मग नेटवर्क आलं. जीएम साहेब म्हणाले, “गायकवाड, अब फिरायचं नाही. आपल्या एसी खोलीत बसा, एक बटण दाबा, सगळीकडे नवं व्हर्जन!” आम्ही टाळ्या वाजवल्या. गायकवाडजींनी नाही.

पहिल्याच वेळी सगळ्यांचे स्क्रीन निळे पडले. वर रोमन अक्षरांत : ‘गायकवाड को बुलाइए.’

त्यांच्या धाकानं कुणी कीबोर्डला शिवलं नाही. ते धावत आले, कीबोर्ड रुमालानं झाकला, आत बोटं घालून काहीतरी गुपचूप दाबलं. स्क्रीन मोकळा! मग पुढचं टेबल. “नाजूक चीज है, साहब,” त्यांनी जीएमना समजावलं. पुढे दर वेळी हेच.

एकदा ते पोचायच्या आत माझ्या हातातली कचोरी कीबोर्डवर पडली आणि स्क्रीन आपोआप मोकळा झाला. शेजारच्या मशीनवर करून पाहिलं. कुठलंही बटण चालत होतं!

मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. “गायकवाडजी, तुमचा पासवर्ड कचोरी आहे का?”

ते हसले, मग एसीकडे बघत राहिले. “मॅडम, मिलमध्ये पण मला अशीच खोली होती. थंडगार, दार बंद. एक दिवस जेवायला बाहेर आलो, तर कुठल्याच खात्यात एक माणूस नाही. मिल बंद झाली होती. सगळे गेले. मला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.”

निघताना मी त्यांचं दार उघडंच ठेवलं.

पुढचं व्हर्जन आलं, स्क्रीन निळा झाला. शेजारचे शर्माजी कंटाळून कीबोर्ड बडवायला निघाले. मी त्यांचं मनगट धरलं.

“रहने दो, शर्माजी, बिघडेल,” म्हटलं आणि दाराकडे तोंड करून जोरात हाक मारली, “गायकवाडजी! लवकर या, तुमच्याशिवाय सगळं अडकलंय!”