अकराव्या पानावरची चिठ्ठी

तिसरीच्या वर्गात वाचनाचा तास चालू होता आणि चक्क शांतता होती. मग मागच्या बाकावरून एक पुस्तक उडालं आणि फळ्यावर आपटलं.

"बाई, ते मला बघतंय!"

"कोण?"

"पुस्तक!"

बाईंनी पुस्तक उचललं. अकराव्या पानावर एक चिठ्ठी होती: ‘नाकातलं बोट काढ.’

"होतं का बोट नाकात?"

"होतं ना! तेच तर!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. निळ्या शाईतलं ते ठसठशीत अक्षर त्यांच्या आईचं होतं. आईने याच शाळेत तीस वर्षं शिकवलं, हे पुस्तकांचं कपाट सांभाळलं आणि चार महिन्यांपूर्वी ती गेली. कपाटाची किल्ली तेव्हापासून बाईंच्या पर्समध्ये पडून होती. आज ती पहिल्यांदा बाहेर निघाली.

"माझ्यात पण आहे," दोन वेण्यांवाली म्हणाली. "‘किती पानं उरली ते मोजू नकोस. सात आहेत.’ बाई, मी मोजतच होते हो!"

आता कोणीच हसलं नाही. एक जण तर बाकाखाली शिरला. शिरताना पुस्तक मात्र बरोबर घेऊन गेला.

मूल कुठल्या पानावर कंटाळतं आणि कंटाळलं की काय करतं, हे आईला पाठ होतं. बाईंना ते ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आलाच.

आरडाओरडा ऐकून हेडसर आले. "भुताटकी वगैरे काही नसतं! मीही याच वर्गात शिकलोय, यांच्या आईंकडेच. आणा इकडे एक पुस्तक." कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीत ते ऐटीत रेलून बसले आणि मोठ्याने वाचू लागले. चौथ्या पानावर चिठ्ठी आली. तीही त्यांनी त्याच आवाजात वाचली, "‘खुर्ची मागे झुकवू नकोस, पडशील.’"

शेवटचा शब्द त्यांनी जमिनीवरून वाचला.

"उद्या सगळं रद्दीत!" कपडे झटकत ते म्हणाले.

"सर, आईच्या हातचं तेवढंच उरलंय."

"म्हणूनच म्हणतो. तिसरीत त्यांनी मला एक दिवस सुखाने बसू दिलं नाही. आता पुन्हा?"

त्या संध्याकाळी बाई कपाटाला कुलूप लावायला विसरल्या. त्या कधी काही विसरत नसत. सकाळी कपाट रिकामं होतं. आपापली पुस्तकं मुलांनी घरी पळवली होती.

दोन दिवसांनी एका मुलाचे वडील फाटकापाशी थांबले होते. "बाई, आमचा जेवताना वाचतोय. हाक मारली तर म्हणतो, थांबा, पुस्तक बघतंय. डॉक्टरांना दाखवू का?"

"नको. वाचू द्या."

पंधरवड्यात सगळी पुस्तकं परत आली. प्रत्येक चिठ्ठी जागच्या जागी होती. रद्दीचा विषय हेडसरांनी पुन्हा काढला नाही. त्यांनी उलट नव्या पुस्तकांचा गठ्ठा मागवला.

"पण बाई, नव्यांत चिठ्ठ्या नसणार," दोन वेण्यांवाली कुरकुरली. "मग कोण बघणार आमच्याकडे?"

बाईंनी सगळ्यांना नवी पुस्तकं वाटली आणि स्वतःही एक उघडलं. चार महिन्यांत त्यांचं एकही पुस्तक पुरं झालं नव्हतं. दहा पानं झाली की नजर खिडकीबाहेर जायची आणि तिथेच राहायची. आजही गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवून पान उलटलं. तिथे चिठ्ठी होती: ‘बघून झालं असेल तर वाच.’

तीच निळी शाई. तेच अक्षर.

दाराला रेलून हेडसर उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशावर निळा डाग पसरला होता. "अक्षर त्यांनीच घटवून घेतलंय माझं," ते ओशाळून म्हणाले. "सगळ्याच पुस्तकांत घातल्यात. म्हटलं ना, भुताटकी वगैरे काही नसतं."

बाईंनी श्वास सोडला. "पण पान कसं बरोबर हेरलंत, सर! मी नेहमी अकराव्यालाच अडते."

बाईंनी पुस्तक दारापाशी नेऊन दाखवलं. हेडसरांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग पानाच्या आकड्याकडे.

"मी पहिल्याच पानात ठेवली होती," ते हळूच म्हणाले, आणि दाराचा आधार सोडून सरळ उभे राहिले.

बाईंनी निमूटपणे पुढचं पान उलटलं.